बाहेर ४३ अंश, आत ३७: शरीर हे कसं जमवतं आणि कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ला टेकतो, म्हणजे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम. मग शरीर ३७वर राहतंच कसं? विचारणाऱ्यांचे थोरले बंधू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. घरात सत्तरीचे वडील, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू. घर पत्र्याचं, कूलर लावूनही रात्री उबल्यासारखं होतं. आणि शेवटी, ऊन लागून अंग तापलं तर तापाची गोळी द्यावी का?

गोळीचं आधी सांगतो, कारण तिथे वेळ वाया जातो आणि माणूस हातचा जातो. नाही, द्यायची नाही. का, ते पुढे येईलच.

आता मूळ हिशेब. शरीर बाहेरून तापतं त्याआधी ते आतून तापत असतं. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ८० ते १०० वॅट इतकी उष्णता सतत तयार होत असते. ६० किलोच्या माणसाचं तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात, आणि ८० वॅट म्हणजे तासाला जवळपास ७० किलोकॅलरी. उष्णता बाहेर पडण्याचे सगळे रस्ते बंद केले तर नुसतं बसून असलेला माणूस तासाभरात दीड अंशाच्या आसपास तापेल. दोन-अडीच तासांत तो उष्माघाताच्या रेषेवर, म्हणजे ४० अंशांवर. मागांच्या रांगेत फिरत, वाकत, तुटलेला धागा जोडत काम करणाऱ्याच्या शरीरात ही निर्मिती २५० ते ३०० वॅटपर्यंत जाते. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामात घालतात, उरलेली सगळी उष्णता होते.

ही उष्णता बाहेर टाकायचे मार्ग चार. अंगातून होणारं प्रारण (म्हणजे स्पर्शाशिवाय, किरणांच्या रूपात जाणारी उष्णता), अंगाला घासून जाणारी हवा, टेकलेल्या वस्तूंचा स्पर्श आणि घामाचं बाष्पीभवन. साध्या गार खोलीत उघड्या अंगाने बसलेल्या माणसाची साठ टक्के उष्णता प्रारणाने जाते, बाष्पीभवनाचा वाटा वीस-बावीस टक्के, बाकी हवा आणि स्पर्श. हे आकडे पाठ्यपुस्तकातल्या खोलीचे. सोलापुरातल्या दुपारी यातले पहिले तीन मार्ग नुसते बंद होत नाहीत, ते उलटे वाहू लागतात. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं, हवा ४३ची, वरचा पत्रा ६०च्या पुढे गेलेला. म्हणजे प्रारणही आत, हवेची उष्णताही आत. उरतो एकटा घाम.

एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडाला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. तासाला एक लिटर म्हणजे साधारण ६७५ वॅटची सोय. वरच्या मागवाल्याचं बघा. आतली ३०० वॅट, बाहेरून आत येणारी शंभरच्या आसपास, एकूण ४०० वॅट. त्यासाठी तासाला किमान सहाशे मिलिलिटर घाम उडायला हवा. काही घाम ओघळून वाया जातोच, म्हणून प्रत्यक्षात पाऊण लिटर धरा. आठ तासांच्या पाळीत पाच-सहा लिटर. सोलापूरच्या उन्हाळ्यातली सगळी काळजी या एका आकड्याभोवती फिरते: इतका घाम तयार व्हायला हवा, आणि तो नुसता यायला नको, उडायला हवा.

ओघळलेला घाम काही कामाचा नाही. कपाळावरून टपकून जमिनीवर पडलेला थेंब पाणी आणि मीठ घेऊन गेला, उष्णता घेऊन गेला नाही. पुसून टाकलेल्या घामाचंही तेच. खांद्यावर कोरडा टॉवेल टाकून दर दोन मिनिटांनी तोंड-मान पुसणं ही आपल्याकडची सवय. डोळ्यांत जाणारा घाम पुसा, बाकीचा राहू द्या. त्यापेक्षा तोच टॉवेल ओला करून, पिळून मानेवर टाका. मग त्यातलं पाणी उडतं आणि शरीराचं पाणी वाचतं. टॉवेलच्या गावात एवढं सहज जमावं.

नियंत्रण कुठून होतं तेही पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, त्याच्या पुढच्या टोकाला तापमानाचं केंद्र. तिथल्या चेतापेशी स्वतःमधून वाहणाऱ्या रक्ताचं तापमान मोजतात. शिवाय त्वचा, पोटाची पोकळी आणि मणक्यातून खबर येते. त्वचेतल्या उष्णता ओळखणाऱ्या रेणूच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत. गंमत अशी की तो रेणू साधारण ४३ अंशांच्या पुढे जागा होतो आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही जागा होतो. म्हणून शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर भरपूर तिखट घेतलं की कपाळावर घाम येतो: केंद्राला वाटतं अंग तापलं. उलट पुदिन्यातलं मेंथॉल थंडी ओळखणारा रेणू चाळवतं. डोक्याला चोळायची ‘थंडगार’ तेलं याच युक्तीवर चालतात. गार वाटतं, पण एक वॅट उष्णताही जास्त बाहेर पडत नाही. उन्हात जाण्यापूर्वी ती लावून निर्धास्त होणं चुकीचं, कारण धोक्याची जाणीव तेवढी बोथट होते.

अंग तापल्याचं केंद्राला कळलं की दोन हुकूम सुटतात. पहिला रक्तवाहिन्यांना. एरवी त्वचेतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरतं. कडक उष्म्यात ते सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. एवढं रक्त कुठून आणायचं? हृदय जोरात चालवायचं, आणि आतडी-मूत्रपिंडांचा पुरवठा कापायचा. उन्हाळ्यात हृदयरोग्यांचे हाल होतात ते यामुळे. बराच वेळ उभं राहिलेल्या माणसाला भोवळ येते तीही यामुळेच, कारण पसरलेल्या वाहिन्यांमुळे रक्त पायांत साठतं. अशाला आडवं करून पाय फूटभर उंच ठेवले की तो मिनिटभरात ठीक होतो. चार लोकांनी उचलून खुर्चीवर बसवलं की पुन्हा कलंडतो.

दुसरा हुकूम घामग्रंथींना. अंगभर अशा वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात आणि त्यांना चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे द्रव्य काम करतं. हे लक्षात ठेवण्याचं कारण व्यावहारिक आहे. हेच द्रव्य अडवणारी औषधं घाम कमी करतात: पोटात मुरडा आल्यावरच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांची आणि कंपवाताची औषधं. ज्यांची ही औषधं कायमची आहेत त्यांनी ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पण उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारायचं. सर्दीची गोळी घेऊन दुपारी शेडमध्ये कामाला जाणं मात्र टाळता येण्यासारखं आहे. जुन्या मधुमेहात पायांकडचा घाम थांबतो आणि वरच्या अंगाला जास्त येतो. अशा माणसाला आपल्याला भरपूर घाम येतोय असं वाटतं, पण घामाचं क्षेत्रफळच घटलेलं असतं.

घामोळ्यांकडेही आपण फार हलक्याने बघतो. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की घाम आतच अडकतो. पाठभर घामोळं उठलेल्या माणसाची पाठ बाहेरून ऑइलपेंट मारलेल्या माठासारखी होते, आत पाणी आहे पण पाझर नाही. त्यावर पावडरचे थर देऊन ती तोंडं आणखी बुजवू नका. दिवसातून दोनदा गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे आणि आठवडाभर शक्य तितकी गार जागा, एवढ्याने बहुतेकांचं उतरतं.

आता दमटपणा, कारण मागवाल्यांचा खरा शत्रू तोच आहे. घाम उडतो की नाही हे हवेतल्या बाष्पावर ठरतं. ते मोजायला ज्याच्या पाऱ्याच्या फुग्याभोवती ओलं कापड गुंडाळलेलं असतं असा तापमापक वापरतात; त्याचा आकडा जितका खाली, तितका घाम लवकर उडतो. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के धरली, तर हा ओला तापमापक २४ अंश दाखवतो. म्हणजे घाम झटक्यात उडेल. आता बंद शेड घ्या, तापमान ३४, आर्द्रता ७० टक्के. ओला तापमापक २९ दाखवेल. साध्या तापमापकावर दुसरी जागा आठ अंशांनी गार दिसते, पण काम करणाऱ्या अंगाला तीच जास्त जड जाते. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून मागाच्या शेडमध्ये दमट हवा मुद्दाम राखतात. त्यात खिडक्या बंद, मोटारींची उष्णता, वर पत्रा. सुताच्या सोयीची हवा माणसाच्या सोयीची नसते. म्हणून बंधूंच्या शेडमध्ये साधा तापमापक बघून काही कळणार नाही. कोरडा आणि ओला असे दोन फुगे असलेलं उपकरण भिंतीवर हवं. ते स्वस्तात मिळतं. फक्त ओल्या फुग्याची वात रोज भिजवावी लागते आणि मळली की बदलावी लागते, नाहीतर दोन्ही तापमापक सारखेच आकडे दाखवतात.

शेडमध्ये काय करता येईल? छताला बाहेरून चुन्याचे दोन हात किंवा पांढरा परावर्तक रंग. प्रारणातून येणारी उष्णता यातून बरीच तुटते आणि खर्च किरकोळ. छताच्या वरच्या टोकाला गरम हवा बाहेर ओढणारे पंखे. विश्रांतीची जागा शेडच्या बाहेर, सावलीत आणि वाऱ्यावर, कारण त्याच दमट हवेत खाली बसून घेतलेली विश्रांती अर्धीच ठरते. सकाळी आणि रात्री जड कामं, दुपारी १२ ते ४ हलकी.

पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. जेवणाच्या सुट्टीत एकदम दोन तांबे ढोसणं नव्हे. आतडी तासाला ठरावीक पाणीच शोषतात, त्यामुळे तासाला दीड लिटरच्या वर प्यायचं नाही. नुसतं पाणी खूप आणि मीठ शून्य झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होतो, आणि लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात.

मिठाचं गणित असं. सवय नसलेल्या माणसाच्या एक लिटर घामात दोन ग्रॅमच्या पुढे मीठ जातं. सवय झाली की ते बरंच कमी होतं, कारण अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घामग्रंथींच्या नळीतच मीठ परत ओढून घेतं. पोटऱ्यांत, पोटात गोळे येतात ते या गेलेल्या मिठामुळे. मिठाच्या गोळ्यांची गरज नाही. भाकरी, पिठलं, लोणचं, चटणी असं दोन वेळचं नेहमीचं जेवण पोटात गेलं आणि पाळीत दोन-तीन पेले मीठ घातलेलं ताक, आंबील किंवा पन्हं घेतलं तर भरपाई होते. जास्त घाम गेला किंवा गोळे आले तर जलसंजीवनी. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. मीठ अंदाजाने टाकू नका. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून पुन्हा करा. शिंदी-ताडी उन्हाळ्यात ‘थंड’ म्हणून घेतात, तो समज सोडा. मद्याने लघवी वाढते, पाणी कमी होतं, आणि सावलीत जायला हवं हे कळणारं डोकंच मंद होतं.

पुरेसं पाणी जातंय का हे बघायच्या दोन साध्या खुणा. लघवी फिकट पिवळी असावी. गडद, चहाच्या रंगाकडे झुकणारी असेल तर मागे पडलात. दुसरी खूण अधिक पक्की: पाळीच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, त्याच कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे एक लिटर पाणी भरून काढायचं राहिलं. ६० किलोच्या माणसाचं सव्वा किलो घटलं की दोन टक्क्यांची मर्यादा ओलांडली, आणि तिथून कामाचा वेग, लक्ष, हाताची अचूकता सगळं घसरतं. चालू मागावर अपघात होतात ते बहुधा अशाच वेळी.

सवयीची गोष्ट लोक गृहीत धरतात. ‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला ऊन काय करणार.’ शरीर उन्हाला सरावतं हे खरं, पण गावावरून नाही, रोजच्या श्रमावरून. उष्म्यात रोज काम केल्यावर सात ते चौदा दिवसांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातलं मीठ घटतं, रक्तातलं पाणी वाढतं, नाडी शांत होते. काम सुटलं की आठवड्यानंतर ही सवय उतरू लागते आणि महिन्याभरात बहुतेक गेलेली असते. म्हणून धोका सर्वांत जास्त कुणाला? मार्चअखेर एकदम आलेल्या पहिल्या उष्ण आठवड्यात सगळ्यांना, आणि लग्नसराईत किंवा आजारपणात पंधरा दिवस घरी राहून परत आलेल्याला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्या उष्म्यात नेहमीच्या वीस टक्केच काम, मग रोज वीस टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. जुना माणूस सुट्टीवरून आला तर पहिल्या दिवशी निम्मं, मग साठ, ऐंशी आणि चौथ्या दिवशी पूर्ण. पीसरेटवर, म्हणजे जितके नग तितकी मजुरी असताना, हे कुणाला परवडतं, असं विचाराल. परवडत नाहीच. पण पहिल्या दिवशी कोसळून पंधरा दिवस दवाखान्यात राहणं त्याहून महाग पडतं.

वडिलांचं वेगळं. वय वाढलं की तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त वळवायची हृदयाची ताकद कमी. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणखी घटतं. नाडी मंद ठेवणारी गोळी असेल तर हृदयाला वेग वाढवता येत नाही. उन्हाळ्यात रक्तदाब तसाही थोडा उतरतो. उठल्यावर चक्कर येत असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. मात्रा बदलायची की नाही ते तेच ठरवतील. दिवसभर घरात बसणाऱ्या वडिलांना मागवाल्याइतकं मीठ मात्र पाजू नका, त्यांचा तेवढा घाम जातच नाही. पाणी तहान लागायची वाट न बघता तासाला अर्धा पेला. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळायचं.

त्यांच्या खोलीतल्या पंख्याबद्दल. हवा ३५च्या आत असेल तोवर पंखा उष्णता घेऊन जातो. त्याच्या वर तो गरम हवा अंगावर आणतो, पण घामही लवकर उडवतो, त्यामुळे घाम भरपूर येणाऱ्या तरुणाला फायदा टिकतो. कोरड्या त्वचेच्या म्हाताऱ्या माणसावर ४२ अंशांची कोरडी हवा सोडणं म्हणजे त्याला तापवणं. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या वर पंखा वापरू नका असं सांगते. त्यावर उपाय त्वचा ओली ठेवण्याचा. हात, दंड, मान, पाय ओल्या फडक्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पुसा आणि मग पंखा लावा. नळाला रोज पाणी नसलेल्या घरातही हे जमतं. अंघोळीच्या एका बादलीत दिवसभराचं पुसणं होतं.

कूलर लावून उबतं त्याचं कारण जवळपास नेहमी एकच: खिडकी-दार बंद. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवूनच. वरच्या उदाहरणातली ४२ अंश आणि २० टक्क्यांची हवा चांगल्या पॅडमधून गेली की २८ अंशांच्या आसपास बाहेर पडते, पण ओली होऊन. ती एकदाच अंगावरून जाऊन समोरून बाहेर पडली पाहिजे. खोली बंद असेल तर कूलर तीच ओली हवा पुन्हा ओढतो, आर्द्रता चढत जाते, घाम उडायचा थांबतो. कूलरची पाठ खिडकीबाहेरच्या मोकळ्या हवेत, समोरच्या भिंतीतली खिडकी चार-सहा इंच उघडी. पॅडवर क्षारांचा पांढरा थर चढला की हवा जात नाही. बोअरच्या जड पाण्यावर हे महिन्याभरात होतं. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर बंद करून पंखा लावा. त्या हवेत कूलरचा गारवा तीन-चार अंशांचा आणि दमटपणाचा भुर्दंड त्याहून मोठा.

पत्र्याचं घर रात्रीही तापतं कारण दिवसभर तापलेल्या भिंती उष्णता सोडत राहतात. झोप लागताना शरीर हातापायांच्या त्वचेतून उष्णता टाकून आतलं तापमान उतरवतं, खोली गरम असली की हे जमत नाही आणि झोप मोडते. सोलापुरात लोक गच्चीवर झोपतात ते शास्त्राला धरून आहे. निरभ्र आकाश प्रारणाच्या दृष्टीने थंड असतं, अंगाची उष्णता वर निघून जाते. फक्त गच्चीचा स्लॅब तापलेला असतो, म्हणून संध्याकाळी त्यावर पाणी मारा आणि जमिनीवर गादी टाकण्याऐवजी खालून वारा जाईल अशी खाट घ्या.

थंडीबद्दल थोडक्यात. वाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते. हुडहुडीने उष्णतेची निर्मिती चार-पाच पट होऊ शकते. नवजात बाळाला हुडहुडी भरत नाही, ते पाठीवरची तपकिरी चरबी जाळतं आणि वजनाच्या मानाने त्याची त्वचा फार मोठी. त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे बाळाला टोपी हवी, आणि मेमध्ये त्याच बाळाला दुपट्यांत गुंडाळू नये.

आता तापाची गोळी. तापात जंतूंशी लढणाऱ्या पेशी काही द्रव्यं सोडतात, त्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि केंद्र आपलं उद्दिष्टच ३७ऐवजी ३९ ठरवतं. शरीर ३७वर असूनही केंद्राला थंड वाटतं. म्हणून हातपाय गार, अंगावर काटा, पांघरूण हवंसं. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, उद्दिष्ट खाली येतं, घाम सुटतो, ताप उतरतो. उष्माघातात उद्दिष्ट ३७च असतं. केंद्र जिवाच्या आकांताने गार करायला बघतंय, फक्त साधनं कमी पडली आहेत. तिथे गोळीला काम करायला जागाच नाही. उलट तापलेल्या यकृतावर तिचा भार पडतो. ॲस्पिरिन तर रक्तस्राव वाढवू शकतं.

उष्माघात ओळखायचा तो वागण्यावरून. आतलं तापमान ४० अंशांच्या वर, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे, आणि बरोबर मेंदूचा बिघाड: असंबद्ध बोलणं, चिडणं, तोल जाणं, झटके, बेशुद्धी. ‘त्वचा कोरडी असते’ ही खूण घरात बसलेल्या म्हाताऱ्यांत खरी. काम करता करता कोसळलेला माणूस अनेकदा घामाने निथळत असतो, आणि घाम आहे म्हणून लोक निश्चिंत राहतात. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका. घामाने ओली काख एक-दीड अंशानेही कमी दाखवते. खरा आकडा गुदमार्गातला, तो दवाखान्यात घेतील. वागणं बिघडलं असेल तर आकड्यासाठी थांबायचं नाही.

नुसता थकवा, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, पण शुद्ध आणि बोलणं नीट असेल तर तो उष्म्याचा थकवा. सावली, आडवं करणं, पाय उंच, कपडे सैल, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार नसेल किंवा बोलणं बदललं तर पुढचं सगळं करायचं.

एकाने १०८ला फोन करायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडी येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. टॉवेलच्या कारखान्यात तर साधनं हाताशी आहेत. बाहेरचे कपडे काढा, सावलीत आडवं करा. तरुण, काम करताना कोसळलेला असेल आणि मोठं टब किंवा टाकी असेल तर गार पाण्यात मानेपर्यंत बसवा, बर्फ मिळाला तर टाका, दोघांनी काखेतून धरून डोकं पाण्यावर ठेवा. मिनिटाला ०.१५ ते ०.२ अंश इतक्या वेगाने उतरवणारा याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. टाकी नसेल तर बादलीत बर्फाचं पाणी, त्यात आठ-दहा टॉवेल. डोकं, छाती, पोट, मांड्या झाकतील असे टाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदला. जागचे जागी गरम झालेले टॉवेल तसेच ठेवले तर ते पांघरुणाचं काम करतात, ही नेहमीची चूक. वृद्धांना बुडवू नका: अंगभर पाणी शिंपडत राहा, जोरात पंखा किंवा वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. कांदा हुंगवणं, तळपायाला काही चोळणं यात मिनिटं घालवायची नाहीत. माणूस नीट बोलू लागला किंवा हुडहुडी भरली की बुडवणं थांबवा. दवाखान्यात ३९च्या खाली आल्यावर थांबवतात. गाडीतही ओले टॉवेल चालू ठेवायला सांगा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ४०च्या खाली आणलं तर वाचण्याची शक्यता फार चांगली.

उशीर का महाग पडतो? कारण कापलेल्या रक्तपुरवठ्याने आतड्यांचा पडदा गळू लागतो, तिथल्या जंतूंची विषं रक्तात उतरतात, स्नायू विरघळून मूत्रपिंडं तुंबतात, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. यकृताचा बिघाड तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसालाही ‘आता बरा आहे’ म्हणत घरी न्यायचं नाही. सिव्हिलमध्ये असो की खासगीत, निदान दोन दिवस रक्त आणि लघवीच्या तपासण्या होऊ द्या.

बंधूंवर अशी वेळ आलीच, तर घरी आल्यावर त्यांना किमान आठवडाभर श्रमाचं काम नाही. यकृत, मूत्रपिंड आणि स्नायूंच्या तपासण्या पूर्ववत झाल्यावरच परत मागावर, तेही आधी गार वेळेच्या पाळीत, आणि नव्या माणसासारखं वीस टक्क्यांपासून.